पितळी मूस

एका जंगलात ठमाबाई नावाची अस्वलीण राहायची. बाळांनो, ती ओतारीण होती. वारुळाची माती आणि भाताच्या तुसाची राख मळून ती मूस घडवी. मूस म्हणजे धातू वितळवायचं जाड बुडाचं मडकं. भट्टीत पितळेचं पाणी होतं, मुशीचं होत नाही. मुशीचं काम एवढंच, म्हणून तिचं कौतुक कुणाला नव्हतं.

त्या जंगलात एक थोरलं पितळी पातेलं होतं. दात पडलेल्या म्हाताऱ्या जनावरांची पेज त्यात शिजायची. एके दिवशी पातेलं तळाशी चिरलं. म्हातारी उपाशी राहू लागली. ठमाबाई म्हणाली, तेच फोडून वितळवते, चार दिवसांत नवं ओतून देते.

पण प्रधान होता मोर. त्याने ठरवलं, ओतकाम महाराजांच्या हस्ते व्हावं, परजंगलातले पाहुणे यावेत. मांडव घातला गेला. मग त्याची नजर मुशीवर गेली. काळी, ओबडधोबड. ही पाहुण्यांपुढे ठेवायची? मूस पितळेचीच हवी आणि तिच्यावर महाराजांचं नाव हवं, असा हुकूम सुटला.

"प्रधानजी, पितळ वितळेल त्या जाळात पितळेची मूसही वितळेल," ठमाबाई म्हणाली.

"बाई, तुमच्यात उत्साह कमी आहे," मोर म्हणाला.

आता पितळी मूस ओतायची, तर पितळ वितळवायचं कशात? ठमाबाईच्या मातीच्या मुशीतच. अर्धं पातेलं त्यात खपलं.

सोहळ्याला वाघमहाराजांनी स्वतः भाता ओढला. मूस लाल झाली, मग कलली, मग महाराजांच्या नावासकट राखेत वाहून गेली. महाराजांच्या मिशा करपल्या.

चौकशी समिती बसली. तिच्यात तीन मोर होते. मुशीत दोष नाही, विस्तवच गरजेपेक्षा जास्त गरम होता, असं त्यांनी लिहून दिलं.

राखेतलं पितळ खरवडून दुसरी पितळी मूस झाली. तिच्यात पातेल्याचे उरलेले तुकडे ठेवले. या वेळी खाली चार निखारे, तेही विझत आलेले. संध्याकाळपर्यंत मूस जशीच्या तशी राहिली. तुकडेही जसेच्या तसे राहिले. मोराने पिसारा फुलवून यश जाहीर केलं.

"आणि पातेलं?" ठमाबाईने विचारलं.

"तो पुढचा टप्पा."

ठमाबाईला शाल मिळाली. आनंदाप्रीत्यर्थ दात पडलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याला एकेक नारळ वाटण्यात आला. बोळका गवा आपला नारळ पुढ्यात ठेवून बराच वेळ बघत बसला. ठमाबाईने शाल बाजूला टाकली. एकेक नारळ दगडावर फोडून ती म्हाताऱ्यांना पाणी पाजत राहिली. मांडवात भाषणं चालू होती.

तात्पर्य असं, बाळांनो: मूस शाबूत राहावी असं वाटत असेल तर विस्तव विझता ठेवावा. आणि ज्यांना पेज लागते, त्यांनी वेळीच दातांची काळजी घ्यावी.