पाहुणी येईपर्यंतची गरिबी

आमच्या अख्ख्या खोऱ्यात माझ्याइतका डोकेबाज म्हातारा दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. (हे मान्य असलेले आम्ही दोघंच होतो. त्यातला एक वारला, आता मीच उरलोय.) शिक्षणाचं म्हणाल, तर मी शाळा सोडली की शाळेनं मला सोडलं, यावर मास्तरांचं आणि माझं कधी एकमत झालं नाही. पण डोकं? डोकं विचारू नका.

तर झालं असं, की माझ्या म्हातारीचे, म्हणजे कालिचाचे, गुडघे गेले. गाय दूध द्यायला तयार, पण ही गाईपाशी बसणार कशी, आणि बसलीच तर उठणार कशी? दोन्हीला मी लागायचो. मी म्हणायचो, "केरिमकुलसारखा नवरा मिळाला म्हणून, नाहीतर तिथंच शेणात राहिली असतीस." ती म्हणायची, "शेण तरी गप्प असतं."

एकदा गावच्या सामायिक न्हाणीघरात वाफ घेताना शेजारचा ओसकोन म्हणाला, "अरे, सरकार म्हाताऱ्यांना सरोवराकाठी पाठवतं. गरम चिखलात गुडघे बुडवून ठेवतात. माझी मेहुणी काठी टेकत गेली आणि काठी विसरून आली."

ओसकोन खरं बोलला की मला धडकीच भरते. कारण मी आयुष्यभर त्याच्या खोड्या काढल्यात, तो कधी उट्टं काढेल सांगता येत नाही. पण म्हटलं, विचारायला काय जातंय? इथंच चुकलं.

जिल्ह्याच्या कचेरीत सालकिन नावाची पोरगी बसते. गोड आवाजाची, पण नजर घारीची.

"काय हवंय, आजोबा?"

"काय काय आहे?"

"ही कचेरी आहे, खानावळ नाही. अडचण सांगा."

मी आधी कालिचाच्या गुडघ्यांचं सांगितलं. तिनं टिपून घेतलं. मग मला वाटलं, इतक्या लांब धक्के खात आलोय, तर स्वतःसाठीही काहीतरी घेऊन जावं. म्हटलं, "मलाही लिही. कानांनी ठार बहिरा आहे. डोळ्यांनी दिसत नाही. पाठ तर नावालाच उरलीय."

"दिसत नाही? मग मघापासून खिडकीतून हात कुणाला करताय?"

"तो आमचा ओसकोन, पलीकडच्या दुकानापाशी. घोड्याचा डावा नाल सैल झालाय, मूर्खाला कळत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली, पण लिहिलं सगळं. मग म्हणाली, "आजींच्या चिखलोपचाराचं होईल असं वाटतं. पण मी गुरुवारी घरी येऊन बघणार."

"काय बघणार?"

"घर. माणसं. बघणार."

परतीच्या वाटेवर हे 'बघणार' माझ्या डोक्यात गोमाशीसारखं घोंघावत होतं. सरकार घरात काय बघतं? माणूस गरीब आहे का, हेच बघत असणार! आणि आमच्या घरात तर भिंतीवर लाल गालिचा, चहाचं पाणी उकळायचा चकाकता सामोवार, टीव्ही, दारात काळ्या कानांची मेंढी. असल्या श्रीमंताला कोण चिखल देईल?

कालिचा मुलीकडे गेली होती, ती गुरुवारीच परतणार होती. रान मोकळं! मी गालिचा गुंडाळला, सामोवार उचलला, टीव्ही ढकलगाडीवर घातला आणि सगळं ओसकोनकडे नेलं. मेंढीही दिली. बजावलं, "सरकारी पाहुणी येतेय. ती असेपर्यंत ही मेंढी तिच्या नजरेला पडता कामा नये."

"पडणार नाही," ओसकोन म्हणाला. जरा जास्तच गंभीरपणे म्हणाला, पण तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

गुरुवारी कालिचा आली, दारात थांबली आणि उघड्या भिंतींकडे बघून म्हणाली, "चोर आले होते?"

"गप्प बस. गरीब दिसायचंय. आज सरकारची बाई यायचीय."

"पाहुणी येणार, आणि घरात ही अवकळा? चहा कशात देऊ, तुझ्या टोपीत?"

"चहा द्यायचाच नाही!"

अशी बघितली तिनं माझ्याकडे. "तुला गरीब दिसायचं तर खुशाल दिस. फार मेहनत लागायची नाही. पण माझ्या दारातून पाहुणी कोरड्या तोंडानं गेली, तर मला या गावात मरायचीही लाज वाटेल."

मी म्हटलं, बोलू दे. घर रिकामं, हिचे गुडघे बंद, करणार काय? सालकिनची गाडी आमच्या लाकडी पुलावरून येत नाही, म्हणून मी तिला आणायला पुलापर्यंत गेलो.

चालताना मी जीव तोडून रडगाणं गायलो. "पोरी, मटण शेवटचं कधी खाल्लं ते आठवत नाही. जमिनीवर निजतो. चहात घालायला दूध नाही." मधेच तिनं हळू आवाजात काहीतरी विचारलं, तेव्हा मला बहिरेपण आठवलं आणि मी "आँ?" केलं. ती नुसती हसली.

दार उघडलं आणि मी बाहेर येऊन घर आपलंच आहे ना ते पाहिलं.

भिंतीवर एक नाही, तीन गालिचे! गाद्यांची चळत आढ्याला टेकलेली. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर बोरसोकांचा, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा, डोंगर, मध, साय, जर्दाळू, अक्रोड. सामोवार दोन, माझा आणि कुणाचा तरी त्याहून मोठा. कालिचानं म्हणे खिडकीतून एवढंच ओरडून सांगितलं होतं, "बायांनो, माझ्याकडे पाहुणी येतेय आणि म्हाताऱ्यानं घर नागवं केलंय!" बस्स. गल्लीतल्या बाया जे हातात होतं ते घेऊन धावल्या. आमच्याकडे एकाची पाहुणी ही सगळ्यांचीच पाहुणी. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं, पण डोकं तेव्हा गरिबीत गुंतलं होतं.

आणि मधोमध भली मोठी परात भरून वाफाळतं मटण. शेजारी ओसकोन, बाह्या सरसावून.

"ही..." मी परातीकडे बोट दाखवलं. "माझी मेंढी?"

"तूच म्हणालास ना, पाहुणीच्या नजरेला पडता कामा नये?" ओसकोन म्हणाला. "आता बघ, पडते का!"

सालकिन पोट धरून हसली. मानाचा तुकडा तिच्या पुढ्यात आला. चहाचा पेला घेत ती म्हणाली, "आजोबा, चिखलोपचाराचा गरिबीशी काही संबंध नाही. वय हवं आणि दुखणं हवं. मी आले ते आजी घरात कशा वावरतात, एवढंच बघायला." मग ती कालिचाकडे वळली. "आजी, गुडघे फार दुखतात का हो?"

कालिचा सामोवारापाशी राणीसारखी बसली होती. "छे गं, पोरी! पाहुण्यांपुढे कसलं दुखणं? ठणठणीत आहे मी. तू खा."

संपलं! मेंढीही गेली आणि चिखलही. मी तिला डोळ्यानं खुणावलं, पायानं ढोसलं. तिनं माझा पाय बाजूला केला आणि सालकिनच्या पेल्यात आणखी चहा ओतला.

खाणं झालं. रीतीप्रमाणे सगळ्यांनी हात पसरले, वडीलधाऱ्यानं दुवा दिली, सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि सगळे उठले. दुवेनंतर बसून राहायचं नसतं. एक कालिचा तेवढी बसून राहिली.

तिनं जमिनीवर हात टेकला. पुन्हा टेकला. चेहरा हसराच, पण ओठ पांढरे. मी रोजच्यासारखा तिच्यापुढे उकिडवा बसलो, तिनं माझ्या खांद्याला मिठी घातली आणि आम्ही दोघं हळूहळू वर आलो. माझी पाठ कडाडली, ती खरीखुरी.

"रोज असंच?" सालकिननं विचारलं.

"रोज," कालिचा म्हणाली. "खांदा देतो आणि टोमणाही देतो. टोमणा नसला की मला उठवतच नाही."

"झालं माझं काम," सालकिन म्हणाली. "आजी, बर्फ पडायच्या आत तुम्ही सरोवराकाठी."

बायांनी असा गलका केला की गाय बिथरली. मी त्या गर्दीकडे बघत होतो. मध आणणारीला मी जन्मभर 'नकटी' म्हणत आलोय. मोठा सामोवार जिचा, तिच्या लग्नात मी नवरदेवाच्या बुटात दही ओतलं होतं. आणि ओसकोनचं तर काय सांगू! एवढ्या सगळ्यांच्या खोड्या काढून ठेवल्या, तरी वेळेला एकही रिकाम्या हातानं आलं नाही. देव या सगळ्यांचं भलं करो. (ओसकोनचं जरा उशिरानं केलं तरी चालेल, मेंढी फार चांगली होती.) सालकिनच्या पिशवीत आम्ही उरलेलं मटण भरलं. ती नको नको म्हणाली, पण आमच्याकडे 'नको' कुणाला ऐकू येत नाही.

दारात मी छाती फुगवून म्हणालो, "बघितलंस, कालिचा? शेवटी कुणाच्या डोक्यानं काम झालं? चल, दोघं मिळून चिखलात बसू."

सालकिन अडखळली. "आजोबा, आजींबरोबर एक माणूस जाऊ शकतं. पण ते धडधाकट लागतं. आणि तुम्हीच लिहून दिलंय, ठार बहिरे, डोळ्यांनी दिसत नाही..."

"ते खोड की, पोरी!" मी ओरडलो. "मला सगळं ऐकू येतं! सगळं दिसतं!"

"मुळीच खोडू नकोस," कालिचा म्हणाली. "माझ्याबरोबर ओसकोनची बायको येईल. याला ऐकू येत नाही आणि दिसत नाही, हे मी लग्न झाल्यापासून सांगतेय. सरकारला आत्ता कुठं पटलंय!"