रिसेट दाबू न देणारे भामरेसाहेब

भामरेसाहेबांच्या देखत मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हचं रिसेट बटण दाबायची आमच्या कारखान्यात कुणाची छाती नाही. दाबलंच, तर हातावर फटका बसतो. सणसणीत!

"ती तक्रार करतेय आणि तू तिचं तोंड दाबतोस? तिले बोलू दे!"

ती म्हणजे मशीन. साहेब सटाण्याकडचे, चिडले की अहिराणीत शिरतात. अंबडच्या आमच्या कागदाच्या कारखान्यात ते इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखालचा. वय साठीला टेकलेलं, पण बिघाडाचा भोंगा वाजला की वरातीत नाचायला निघाल्यासारखे धावतात. तक्रारीचं तोंड दाबू नये, हे मी आजवर शंभर पत्रकांत वाचलं असेल. स्क्रू ड्रायव्हर उगारून सांगणारा माणूस मात्र हा एकच!

यंदाच्या थंडीत रोल गुंडाळणारं मशीन बिघडलं. थांबवायला गेलं की ड्राइव्ह 'ओव्हरव्होल्टेज' दाखवून बंद पडायचा, आणि कागदाचा भला मोठा रोल आपल्याच तोऱ्यात फिरत राहायचा. त्या रोलपाशी काम करते सुरगाण्याची यमुना. मशीन थांबलं की कागद कापायला तिचा हात सवयीने आत जातो.

प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाले, "थांबायची वेळ वाढवा ना, भामरे. सावकाश थांबेल, ड्राइव्ह ट्रिप होऊन बंद पडणार नाही."

"आणि यमुनाचा हात?"

"तिला सांगू, जरा थांबत जा म्हणून."

साहेब कडाडले, "तुमचा हात ठेवा तिथं, मग वाढवतो!"

वा! मी टाळीच वाजवणार होतो.

मग साहेबांचा सोहळा सुरू झाला. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घातलं. सगळ्यांना हात खिशात घालायला लावले. "आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज अजून जागी आहे. झोपू द्या." तेवढ्या वेळात त्यांनी आम्हाला शिकवलंही. रोल थांबवताना मोटरच वीज बनवायला लागते. ती जास्तीची वीज ब्रेकचं सर्किट रेझिस्टरमध्ये ढकलतं आणि तिथे तिची उष्णता होते. "ही वाट तुंबली की ती बोंबलणार नाही तर काय करणार?"

मीटर लावून आतली वीज पुरती उतरल्याची खात्री केली, मग एकेक भाग तपासला. ब्रेकचा ट्रान्झिस्टर ठणठणीत. रेझिस्टरची वायर सोडवून मोजलं, तर आरपार तुटलेला!

"सापडली!" साहेबांनी उडीच मारली.

पॅनेलमागची रेझिस्टरची जाळीदार पेटी उघडली. आत मसाल्याचा वास. तारेवर पिवळा थर, टोक गंजून तुटलेलं. रस्सा! थंडीत त्या गरम पेटीवर डबे ठेवायची आमच्याकडे पद्धतच होती. मग तिथेच पुठ्ठे अंथरून साहेबांभोवती जेवणाची पंगत. साहेबांचा स्वतःचा डबा कधी नसायचा. बायको गेल्यापासून घरात चूल पेटत नव्हती. प्रत्येकाच्या डब्यातला घास घेत ते मिठावरून भांडायचे.

"कुणी ठेवले डबे?" मॅनेजर गरजले.

यमुना पुढे होऊ लागली. साहेबांनी हाताने तिला मागे सारलं. "मी सांगितलं होतं. पहिला डबा माझ्या सांगण्यावरून ठेवला. माझीच चूक."

नवा रेझिस्टर बसला. थांबवायचं बटण दाबताच रोल शिस्तीत थांबला, आणि साहेबांनी यमुनाला तो तीनदा थांबवून दाखवला. मग स्वतःच्या हाताने पेटीभोवती उंच जाळी ठोकली आणि पाटी लावली: इथे डबे ठेवू नयेत.

दुसऱ्या दिवशी सगळे कॅन्टीनला गेले. मी मीटर परत ठेवायला पॅनेलमागे गेलो, तर साहेब एकटेच जाळीपाशी वडापावचा कागद उलगडत उभे.

"जेवायला नाही आलात?"

"पेटी गरम होतेय का, बघतोय," ते म्हणाले. मशीन तर जेवणाच्या सुट्टीत बंद होतं.

तेवढ्यात यमुना आली. तिने पुठ्ठा अंथरला, डबा उघडला.

"साहेब, नागलीची भाकर थंडी हाय. चालंल का?"

साहेबांनी वडापाव तिच्या डब्याशेजारी ठेवला. खाली बसले, भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि मिठावरून भांडायला लागले.