दरमहा अकरा चुका

एका जंगलात, मुलांनो, आणि ते जंगल सागाचे होते की ऐनाचे हे आता मला खात्रीने सांगता येणार नाही. गोष्ट लहानपणी ऐकलेली आहे. मधल्या काळात मी बरीच पुस्तके वाचली, त्यामुळे आठवण बिघडली असण्याचा संभव आहे. तुम्ही ऐन धरून चाला. साग निघाला तर दोष माझा.

तर त्या जंगलात वाघाचे राज्य होते आणि राज्यात नोटा होत्या. नोट म्हणजे पळसाचे वाळवलेले पान. एका नोटेला ओंजळभर करवंदे मिळत. ओंजळ कोणाची धरायची यावरून भांडणे होत, पण ती वेगळी गोष्ट आहे.

प्रत्येक नोटेवर पाच आकडी क्रमांक असे. तो चोचीने बारीक भोके पाडून टोचावा लागे. हे काम एका सुतार पक्ष्याकडे होते. त्याला सगळे ठोकेअण्णा म्हणत. अण्णा एकोणचाळीस वर्षे क्रमांक टोचत होते आणि एवढ्या वर्षांत त्यांची एकही चूक झाली नव्हती. याबद्दल त्यांचे कौतुक कोणी केले नव्हते. न झालेली चूक कोणाला दिसणार?

खजिन्याच्या आवारात ऐनाचे एक मोठे झाड होते. (किंवा सागाचे.) त्यातली ढोली अण्णांना राहायला दिलेली होती. चाळीस वर्षे नोकरी पुरी झाली की ती कायमची त्यांच्या नावावर व्हायची होती. एक वर्ष उरले होते. त्या भरवशावर ठोकेवहिनींनी आत लाकडाच्या भुशाची नवी गादीही घातली होती.

सुतार पक्ष्याला ढोली हवी असेल तर तो स्वतः कोरून घेईल, असे तुमच्या मनात आले असेल. माझ्याही आले होते. पण अण्णांची चोच आता पार झिजली होती. वाळक्या पानापलीकडे तिला काही टोचवत नव्हते. ही ढोली गेली, तर दुसरी होणार नव्हती.

एका सकाळी अण्णा कामाला बसले होते. चार आकडे टोचून झाले होते, पाचवा म्हणजे सात टोचला जात होता. एवढ्यात वहिनींनी ढोलीतून डोके बाहेर काढून विचारले, "अहो, जेवायला लाल मुंग्या आणू की काळ्या?"

"काळ्या," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा एकदा सात टोचला.

नोट सहा आकडी झाली. अण्णांच्या ते लक्षातही आले नाही. वाऱ्यावर वाळून ती बाजारात गेली.

त्याच जंगलात एक खवले मांजर राहत असे. त्याला खवलेशेठ म्हणत. खवलेशेठना छंद होता. छंद म्हणजे, मुलांनो, ज्या वस्तूच्या बदल्यात खायला मिळते ती वस्तू न देता तिच्याकडे पाहत बसणे. खवलेशेठ विशेष क्रमांकांच्या नोटा जमवत. सगळे आठ असलेली एक नोट त्यांच्याकडे होती. उजवीकडून वाचा की डावीकडून, क्रमांक तोच राहील, अशी एक होती. एका नोटेचा क्रमांक त्यांच्या जन्मतिथीशी जुळत होता. निदान तसे ते म्हणत. खवले मांजराची जन्मतिथी कोणी लिहून ठेवते का, याबद्दल मला शंका आहे.

आनंद झाला की खवलेशेठ अंगाची गुंडाळी करून घेत. भीती वाटली तरी गुंडाळीच करत. त्यामुळे भाव ठरवताना समोरच्याला काही कळत नसे.

सहा आकडी नोट एका मुंगसीणबाईंना करवंदांच्या बाजारात सुट्ट्यात मिळाली होती. खवलेशेठनी ती पाहिली आणि तिथेच गुंडाळी केली. गुंडाळीच्या आतून आवाज आला, "शंभर देतो."

"एका नोटेचे शंभर?" मुंगसीणबाई म्हणाल्या. "शेठ, ऊन लागलंय का तुम्हाला?"

"बाई, बरोबर नोटा वाटेल तेवढ्या मिळतात. चुकलेली एकच आहे."

बातमी पसरली. ती अण्णांपर्यंत आली तेव्हा त्यांचे जेवण चालू होते. ते तसेच उठले.

"आधी जेवून घ्या," वहिनी म्हणाल्या.

"ढोली गेली समज," अण्णा म्हणाले, आणि उडत खजिनदाराकडे गेले.

खजिनदार एक रानगवा होता. त्याला गवससाहेब म्हणत. त्यांचा आकार मोठा होता, म्हणून त्यांचे मतही मोठे मानले जाई. अण्णांनी मान खाली घालून सांगितले, "साहेब, माझ्या हातून चूक झाली आहे."

"किती?"

"एक."

"एकच?" गवससाहेबांचा चेहरा पडला. "अण्णा, एका चुकीला बाजारात शंभर नोटा येतात आणि ते शंभर मुंगसीणबाई घेऊन जातात. यात खजिन्याला काय मिळालं? महाराजांनी कालच विचारलं. मी काय उत्तर देऊ?"

दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला. ठोकेअण्णांनी दरमहा अकरा चुका कराव्यात. चुकलेल्या नोटा बाजारात न सोडता खजिन्याने लिलावात विकाव्यात. अकराच का, असे तुम्ही विचाराल. दहा म्हटले असते तर कोणी विचार केला नाही असे वाटले असते.

अण्णांना इतके हायसे वाटले की त्यांनी त्या दिवशी लाल आणि काळ्या दोन्ही मुंग्या खाल्ल्या.

ते मन लावून चुका करू लागले. एका नोटेवर आकडा उलटा टोचला. एकीवर मधला आकडा गाळला. एकीवर सगळा क्रमांक तिरका घेतला. महिन्याअखेरीस अकरा चुका तयार होत्या, एका ओळीत, एका मापाच्या.

लिलावाला खवलेशेठ आले. त्यांच्याकडे दवाचा एक मोठा थेंब असे. नोटेवर तो ठेवून त्यातून पाहिले की भोके मोठी दिसत. त्यांनी अकराही नोटा पाहिल्या. गुंडाळी केली नाही. गवससाहेब अस्वस्थ झाले.

"या चुका नाहीत," खवलेशेठ म्हणाले.

"नाहीत कशा? आकडा उलटा आहे की."

"आहे. पण कसा आहे बघा. कड स्वच्छ, भोकं सारखी. साहेब, चूक कळल्यावर करणाऱ्याची छाती धडधडते, किंवा कळलीच नाही तर तो बेफिकीर असतो. यात दोन्ही नाही. यात नुसता सराव आहे." त्यांनी थेंब उचलून घेतला. "माल चांगला आहे, पण अस्सल नाही. करवंदांच्या भावाने घेईन."

अण्णांनी घरी येऊन वहिनींना सांगितले. वहिनी व्यवहारी होत्या. "एवढंच ना? मी मध्ये मध्ये बोलत जाईन. मागच्या वेळी तसंच झालं होतं."

दुसऱ्या दिवसापासून वहिनी बोलू लागल्या. मुंग्या लाल की काळ्या. पाऊस येईल की नाही. तुमची बहीण मागच्या उन्हाळ्यात मला काय म्हणाली होती ते आठवतंय का. अण्णांना सगळे आठवत होते, ते उत्तरेही देत होते, आणि क्रमांक बरोबर येत होता. एकदा वहिनींनी ऐन वेळी फांदी हलवली. अण्णांनी हवेतल्या हवेत तोल सांभाळून बरोबर आकडा टोचला आणि मग कपाळावर पंख मारून घेतला.

"तुम्ही मुद्दाम करता," वहिनी म्हणाल्या.

"अगं, मुद्दाम करायला जातो म्हणूनच होत नाही. तुला कसं समजावू?"

"मग मुद्दाम करू नका."

"मग बरोबर येतं."

तीन महिने असे गेले. चौथ्या महिन्यात अण्णांना पत्र आले. हुकूम निघाल्यापासून आपल्या कामात अद्याप एकही समाधानकारक चूक आढळून आलेली नाही, तरी याबाबत सात दिवसांत खुलासा करावा. अण्णांनी खुलासा लिहिला. त्यातही चूक नव्हती. गवससाहेबांनी तो पुरावा म्हणून फायलीला लावला.

अण्णांच्या जागी एका वानराची नेमणूक झाली. पोक्त वानर होते, महाराजांच्या मेहुण्यांच्या ओळखीचे. त्याला अंक येत नव्हते. त्याने नखाने भोके पाडली, दोन नोटा चावल्या, आणि एकीवर ते बसले. खवलेशेठनी थेंबातून पाहिले आणि जमिनीवर गच्च गुंडाळी केली.

"अस्सल आहे," आतून आवाज आला. "यात काडीचंही ढोंग नाही."

तरी गवससाहेब वाईट नव्हते. अण्णांना बोलावून ते म्हणाले, "बडतर्फ केलं तर तुमची ढोली जाईल. त्यापेक्षा स्वतः निवृत्ती मागा. अर्जात नोकरीची वर्षं टोचा. शेवटचं वर्ष मी माफ करून घेतो. ढोली तुमचीच राहील."

अण्णा म्हणाले, "साहेब, उपकार झाले."

"उपकार कसले. फक्त अर्ज नीट भरा. एका कर्मचाऱ्याला एकच पान मिळतं."

अण्णा पान घेऊन बसले. आज हुकूम नव्हता, कोणी मध्ये बोलत नव्हते. वहिनी तर श्वास रोखून बसल्या होत्या. एकोणचाळीस टोचायचे होते, म्हणजे आधी तीन, मग नऊ. अण्णांनी हे दोन आकडे आयुष्यात किती वेळा टोचले असतील, याचा हिशोब मी एकदा करायला घेतला होता, पण सोडून दिला. त्यांनी आधी नऊ टोचला. मग तीन.

गवससाहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

"अण्णा, हे त्र्याण्णव झालं."

अण्णांनी मान वाकडी करून पान पाहिले.

"सुतार पक्षी त्र्याण्णव वर्षं जगत नाही. म्हणजे या अर्जाप्रमाणे अर्जदार हयात नाही. आणि हयात नसलेल्याला ढोली देता येत नाही."

"साहेब, मी समोर उभा आहे."

"मला दिसतंय हो. पण फायलीत तुम्ही उभे नाही ना." गवससाहेबांना खरेच वाईट वाटत होते. "इतके महिने मागून एक चूक केली नाहीत. आजच कशी केलीत?"

"चूकच झाली," अण्णा म्हणाले. "दुसरं पान द्या."

"एकच मिळतं. सांगितलं होतं मी."

बाद झालेला अर्ज खजिन्याच्या मालकीचा होतो. म्हणून तो पुढच्या लिलावात ठेवला गेला. खवलेशेठनी थेंब ठेवला आणि बराच वेळ पाहत राहिले. नवाच्या शेवटच्या भोकाजवळ पान किंचित फाटले होते. तीनची भोके एकमेकांपासून दूर गेली होती.

"पाचशे," ते म्हणाले. या खेपेला त्यांनी गुंडाळी केली, ती आनंदाने की कशाने, हे नेहमीप्रमाणेच कोणाला कळले नाही.

अण्णा लिलावाला आले होते. ते मागच्या फांदीवरून म्हणाले, "पाचशे नोटांत ढोली येईल ना, साहेब?"

"येईल की," गवससाहेब म्हणाले. "पण नोटा खजिन्याच्या आहेत."

त्या नोटांतून ढोलीची डागडुजी झाली. दार मोठे केले, आत सारवून घेतले, आणि ती नव्या क्रमांकनविसाला, म्हणजे वानराला, राहायला दिली. वहिनींनी भुशाची गादी आतच ठेवली. नेऊन ठेवायची कुठे? अण्णा आणि वहिनी नदीपलीकडे गेले. तिथे एक वठलेले शेवग्याचे झाड आहे, त्याचे लाकूड मऊ असते. अण्णा रोज थोडे थोडे टोचतात. खळगा अजून वहिनींच्या डोक्याएवढाच झाला आहे. पाऊस आला की वहिनी डोके आत घालतात आणि अण्णा बाहेर भिजत बसतात.

तात्पर्य : मुलांनो, चुका अवश्य कराव्यात, मनापासून कराव्यात, जमल्यास दरमहा कराव्यात. मात्र त्या सरकारी पानावर कराव्यात, स्वतःच्या अर्जावर करू नयेत. ज्यांना एवढा फरक कळत नाही त्यांनी अचूक काम करण्याच्या भानगडीत पडू नये.

हे तात्पर्य मला स्वतःला पटलेले नाही. दुसरे एखादे असेल, पण मला सापडले नाही. एक गोष्ट मात्र मी पुढे कित्येक वर्षांनी, वानरांच्या अभ्यासात हयात घालवलेल्या एका गृहस्थांना विचारून पक्की करून घेतली. वानर कधी ढोलीत राहत नाही. ते उघड्या फांदीवर झोपते.