कवेहीच्या नावाचं गाणं सादर करण्याची सुधारित पद्धत

कोणतीही प्राचीन संस्कृती पंचेचाळीस मिनिटांत बसली पाहिजे, कपडे बदलायचा वेळ धरून. याहून जास्त वेळ खाते ती संस्कृती नव्हे, तो नातेवाइकांचा कार्यक्रम. आम्हा काउपिको घराण्यातल्या मंडळींना हे तत्त्व अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आल्यावर कळलं. हवाईत होतो तेव्हा आम्ही अडाणीच होतो. संध्याकाळी अंगणात चटया टाकायच्या आणि पेंग येईपर्यंत गात बसायचं. घड्याळाकडे कुणी बघायचंसुद्धा नाही.

आता आम्ही लास वेगासला असतो. बेटांवरची घरभाडी परवडेनात म्हणून आमचे इतके लोक इथे येऊन राहिलेत, की हवाईच्या आठ बेटांनंतर या वाळवंटाला आम्ही 'नववं बेट' म्हणतो (समुद्र सोडला तर बाकी सगळं आहे). आमच्या संचातले सर्व कलाकार एकमेकांचे नातेवाईक आहेत, ज्यांचं एकमेकांशी पटत नाही तेदेखील. वाल्ड्रन काका संचाचे प्रमुख. ते उकुलेले वाजवतात आणि फोनवर सगळ्याला हो म्हणतात. गाते त्यांची आई, म्हणजे आमची आजी. आमच्यात आजीला तूतू म्हणतात. काकांची धाकटी मुलगी कवेही हुला नाचते. थोरला जावई ऑक्टाव्हियो पेटलेली सुरी फिरवतो. ही कला सामोआची, माणूस मेक्सिकोचा आणि रॉकेल कोपऱ्यावरच्या दुकानातलं. आमच्यात सर्वात अस्सल तोच आहे, असं प्रेक्षक आवर्जून सांगून जातात. मी काकांचा पुतण्या. मला गाता येत नाही, नाचता तर त्याहून येत नाही, म्हणून माईक माझ्या हातात दिलाय.

प्रशांत महासागर फार मोठा असल्यामुळे त्याचं वाटप विचारपूर्वक करण्यात आलं आहे. सर्वात जास्त वेळ ताहितीला, कारण तिथली कंबर सर्वात वेगाने हलते. न्यूझीलंडला अगदी थोडा, कारण जिभा बाहेर काढलेले पुरुष बघून पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या दचकतात. सामोआला विस्तव विझेपर्यंत. यातून जे उरेल ते हवाईचं. हुलामध्ये सगळी गोष्ट हात सांगतात हे खरं, पण आमच्या पाहणीनुसार ब्याण्णव टक्के प्रेक्षकांचं हातांकडे लक्ष नसतं. (उरलेल्या आठ टक्क्यांचं ताटात असतं.)

अशी सगळी उत्तम घडी बसलेली असताना तूतूच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशन सोमवारी ठरलं. म्हणजे त्याआधीच्या शनिवारी निवृत्तांच्या वसाहतीत आमचा जो कार्यक्रम होता, तो तूतूच्या आवाजाचा शेवटचा.

तूतूने कवेहीसाठी नावाचं गाणं रचलं होतं. पोरगी जन्मली तेव्हा सुरू केलं आणि ती सतरा वर्षांची झाल्यावर संपवलं. मधल्या काळात तूतू भांडी घासताना ओळी घालायची आणि पुसताना काढून टाकायची. आमच्या घराचा नियम असा, की नावाचं गाणं रचणाऱ्यानेच गायचं, जिचं नाव तिनेच त्यावर नाचायचं आणि ऐकायला परकी माणसं हवीत. ती गप्प बसून ऐकतात तेव्हा नाव लागतं. एकदाच, पण गप्प बसून.

"आई, रविवारी चर्चमध्ये गा ना," काका म्हणाले. "सगळे शांत असतात तिथं."

"चर्चमध्ये निम्म्यांना मी न्हाऊ घातलंय," तूतू म्हणाली. "त्यात परकं कोण आहे रे? शनिवारीच गाणार मी."

काकांनी वसाहतीच्या करमणूक विभागाच्या प्रमुख डार्लीन बाईंना फोन लावला. बाई अत्यंत सहृदय आहेत.

"एक गाणं जरा शांत आहे," काका म्हणाले.

"दुःखी आहे का?"

"नाही हो. माझ्या मुलीच्या नावाचं आहे."

"अय्या, किती गोड! पण आमची मंडळी शांत बसली की झोपतात, आणि झोपली की त्यांच्या मुलांना वाटतं आम्ही औषधं देतो. जेवण वाढताना घेऊ या का ते? आणि जरा छोटं करा."

काका हो म्हणाले. सतरा वर्षांच्या गाण्याची चार कडवी गाळण्यात आली. कोणती गाळायची ते तूतूने स्वतः ठरवलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

काकांना दोष देण्यात अर्थ नाही. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, हा कायदा मुळात तूतूचाच. दारावरून जाणाऱ्याला 'ये, जेव' म्हणायचं, आणि कुणी नाचायला उभा राहिला तर सरकून जागा द्यायची. मी एकदा टपालवाल्याला न जेवता जाऊ दिलं होतं, तेव्हा तिने मला भाताच्या डावाने बडवलं होतं.

शनिवारी ताहितीनंतर मी प्रथेप्रमाणे प्रेक्षकांना उभं करून कंबर हलवायला शिकवली. मग जेवण आलं, आणि तूतू खुर्ची ओढून माईकसमोर बसली.

पहिल्या कडव्याला सभागृह गप्प होतं. थट्टा नाही करत. आवाज खरखरत होता, वरच्या सुरांना ती नुसती हात लावून परत येत होती, पण एकही काटा ताटावर वाजला नाही. कवेहीचे हात उघडले. लागतंय नाव, मी मनात म्हटलं, लागतंय.

दुसऱ्या कडव्याला तिसऱ्या टेबलावरचे हर्मन आजोबा उठले. माणूस मनाने निर्मळ. आपल्याला नुकतंच शिकवलंय आणि पोरगी बिचारी एकटीच नाचतेय, असा त्यांनी विचार केला. एका हातात अननसाचा तुकडा टोचलेली काडी घेऊन ते कवेहीशेजारी येऊन कंबर हलवू लागले.

कवेहीने तूतूकडे पाहिलं. तूतूने एक हात उचलला असता तर सगळं थांबलं असतं. तिने हात उचलला, आणि कवेहीला खूण केली: सरक, जागा दे.

मग सगळेच उठले. डार्लीन बाईंनी प्लॅस्टिकच्या माळा वाटल्या. ढोलावरच्या आमच्या भावाने सवयीने ताहितीचा ठेका धरला. गाण्यात कवेहीचं नाव जिथे येतं तिथे कुणीतरी शिट्टी मारली. तूतूने गाणं शेवटपर्यंत म्हटलं, आणि आधी गाळलेली चारही कडवी म्हटली.

आत येऊन कवेही केसांतली फुलं उपटत होती. "तू थांबवलं का नाहीस गं?"

"पाहुणे होते," तूतू म्हणाली.

"माझं नाव कुणी ऐकलं नाही, तूतू."

"नाही ऐकलं, बाळा." आणि तिने पोरीला जवळ घेतलं.

कार्यक्रम अतिशय यशस्वी झाला असून सत्त्याण्णव टक्के रहिवाशांनी 'ते शेवटचं नाचायचं गाणं' पुन्हा मागितलं. काका हो म्हणाले. ऑपरेशनही उत्तम झालं. आता तूतूचा आवाज ध्वनिमुद्रित स्वरूपात वाजवण्यात येतो, आणि तो पूर्वीपेक्षा स्वच्छ आहे. कवेही नाचायला येत नाही. ती म्हणते, ज्याचं नाव लागलं नाही त्याचं गाणं कसलं. म्हणून तिची आतेबहीण नाचते, आणि मी तिची ओळख कवेही म्हणूनच करून देतो. प्रेक्षकांच्या बाजूने तक्रार नाही.

लोकांनी मधेच उठू नये म्हणून पद्धतीत एकच सुधारणा केली आहे. गाण्याआधी मी माईकवरून घशातली गाठ, सोमवारचं ऑपरेशन, सतरा वर्षं, हर्मन आजोबा, हे सगळं सांगतो, साधारण आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. परिणाम अचूक होतो. काटे खाली ठेवले जातात, रुमाल बाहेर येतात, कुणी जागचं हलत नाही. तूतू पुढे बसलेली असते, गळ्यावरचा रुमाल दिसेल अशी. कार्यक्रमानंतर रांग लागते. लोक तिचा हात धरतात, दुखतं का, गिळता येतं का, डॉक्टर कोण होते, असं मायेने विचारतात. आजपर्यंत त्या रांगेतल्या एकानेही त्या गाण्यात काय आहे, हे विचारलेलं नाही.

तुम्हीही नाही विचारलंत. बसा, बसा. तुमच्यासारखे शांत प्रेक्षक मिळणं कठीण.