टाकीला चाळीस मिनिटं

वायपरच्या पाण्याची टाकी आपणच दुरुस्त करायची, एवढंच मी ठरवलं होतं. पुढचं सगळं आपोआप झालं.

आमची गाडी सतरा वर्षांची आहे. छोटा ट्रक, धसईहून भाजी भरून कल्याणला जाणारा. बुधवारी तिचं पासिंग होतं. आरटीओचे साहेब गाडी तपासतात आणि रस्त्यावर चालवायला परवानगी देतात, त्याला पासिंग म्हणतात. (हे मला लग्नानंतर कळलं. त्याआधी पास होणं म्हणजे शाळेतलंच. मी सातवी पास झाले, पुढची शाळा लांब होती.)

प्रज्वलच्या पप्पांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "या वेळी गाडी पास नाय झाली ना, तर मी सरळ वाशिंदला कंपनीत लागतो. तिथं दोस्ताच्या रूमवर राहायचं, रविवारी घरी यायचं."

ते सहज बोलले. मी त्या दिवसापासून बुधवार मोजायला लागले. प्रज्वल आठ महिन्यांचा. तो दोनदा शिंकला तर मी तिसऱ्या शिंकेची वाट न बघता दवाखान्याची पिशवी भरते. अशा बाईनं सहा दिवस नवऱ्याशिवाय कसं राहायचं?

मंगळवारी सकाळी ते कागदपत्रांसाठी मोटरसायकलवर मुरबाडला निघाले. जाताना म्हणाले, "वायपरची टाकी गळते. संध्याकाळी आदेशला दाखवतो." आदेश म्हणजे टोकावड्याचा मेकॅनिक.

मी वाकून बघितलं. गाडीखाली थेंब थेंब पाणी, मातीला ओल. आणि संध्याकाळी आदेश गॅरेज बंद करून कुठं हळदीला गेला तर? तर वाशिंद.

घरातल्या दोन बादल्या आणि एक टब मी तापलेल्या सळईनं सांधलेत. टाकी म्हणजे काय, झाकण असलेली बादलीच. मी बोनेट उघडलं.

सासूबाई प्रज्वलला मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. "काय करतंस गो?"

"टाकी काढते."

"कुनाला इचारलंस?"

"घरात कोण हाय विचारायला?"

"मी हाय की."

"तुमाला गाडीतलं कळतं का?"

"नाय. तुला बी नाय कलत. म्हंजे दोघींचं मिलून कायच नाय."

मी पाना घेऊन वाकले. समोरच पांढरी टाकी दिसली, दोन बोल्टवर बसलेली. बोनेटखाली अशी आणखी एक असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. बोल्ट सोडवले, नळी ओढली, टाकी बाहेर. आत बघते तर पाणी हिरवंगार.

शेवाळ. हे पाणी काचेवर उडणार आणि त्या काचेमागं माझं बाळ बसणार. मी ते सगळं परसातल्या अळूला ओतलं आणि प्रज्वलच्या बाटलीच्या ब्रशनं टाकी आतून घासली. समाधान होईना. मग जे रोज करते तेच केलं. अंगणातली चूल पेटवली, अंघोळीच्या पाण्याचं मोठं टोप चढवलं आणि टाकी उकळायला टाकली.

बाळाची बाटली दहा मिनिटं उकळायची, असं दवाखान्याच्या आशाताईंनी सांगितलंय. टाकी चौपट मोठी. दहा चोक चाळीस. (सातवीपर्यंतचं गणित असं कामाला येतं.)

चाळीस मिनिटांनी काढली तेव्हा टाकी जरा बसल्यासारखी दिसली. एक कोपरा आत गेलेला, दुसरा बाहेर आलेला, तोंड तिरपं.

"पापडावानी झाली गो," सासूबाई म्हणाल्या.

"थंड झाली की सरळ होईल."

थंड झाली, सरळ झाली नाही. भोकही कुठं सापडेना. मला वाटलं, उकळून बुजलं असणार. गुडघा लावून टाकी जागेवर दाबली, बोल्ट पिळले आणि हात धुऊन बाळाला पेज भरवायला बसले. फार बरं वाटत होतं.

दुपारी प्रज्वलचे पप्पा आले ते आदेशलाच मागं बसवून. आदेशनं बोनेट उघडलं आणि टाकीच्या वाकड्या कोपऱ्यावरून दोनदा बोट फिरवलं. मेकॅनिक आणि डॉक्टर एकाच जागी दोनदा हात लावतात तेव्हा मला घाम फुटतो.

"वहिनी, हे कुनी केलं?"

"मी. वायपरची टाकी गळत होती ना."

"ही वायपरची नाय. ही कुलंटची, इंजिन गार ठेवायच्या पाण्याची. वायपरची ती." त्यानं पलीकडं बोट दाखवलं. पलीकडं दुसरी पांढरी टाकी होती. ती अजून गळत होती, अगदी निवांत. "यातलं हिरवं पानी कुठं गेलं?"

"अळूला घातलं."

"इष असतं ते. कोंबड्या तर नाय ना गेल्या तिकडं?"

मी धावले. कोंबड्या तीनदा मोजल्या. सातच्या सात होत्या, दाराशी. अळू मुळासकट उपटून वरच्या मातीसकट खड्ड्यात पुरलं, वर दगड ठेवला. परत आले तर प्रज्वलचे पप्पा ओट्यावर बसलेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"वाशिंदला कुठली चादर नेऊ?" त्यांनी विचारलं.

मला रडूच आलं. आदेशला बिचाऱ्याला दया आली असावी. तो गाडीत घुसला. वाकडी टाकी गळत नव्हती, तिच्यात त्यानं सीटमागच्या कॅनमधलं कुलंट भरलं. गळणारी टाकी काढून त्यानं उलटी केली. "टाकी फुटलीच नाय. मोटर हितं टाकीत बसते ना, तिथलं रबर गेलंय. दहा मिनटांचं काम, पन रबर मुरबाडशिवाय नाय मिळायचं. आन दुकान आज बंद."

मी ते गोल भोक बघितलं. ते माझ्या ओळखीचं होतं. मी आत गेले आणि प्रज्वलच्या दुधाच्या बाटलीचं चोखायचं रबरी बूच आणलं. आदेशनं ते कापलं, भोकात बसवलं, त्यात मोटर दाबली. ग्लासभर पाणी ओतलं. थेंब नाही. बटण दाबलं तर काचेवर दोन बारीक धारा, ग्लास संपेपर्यंत.

"वहिनी, गॅरेजला येता का?" आदेश हसला. "आता विहिरीचं पानी नका भरू. त्यातल्या क्षारानं नळीची भोकं बुजतात."

"मी उकळून भरते," मी म्हटलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

बुधवारी पहाटे उठून टाकीत भरायला पातेलंभर पाणी उकळलं आणि फडकं झाकून ओट्यावर गार करायला ठेवलं. तेवढ्यात प्रज्वल उठला. पाकिटातलं नवीन बूच त्यानं तोंडात घेतलं, माझ्याकडं बघितलं, आणि जो सूर लावला तो गाडी कल्याणला निघून गेली तरी चालूच होता.

दिवसभर मी फोन लावत होते. ते उचलत नव्हते. मी मनातल्या मनात चादरही काढून ठेवली, निळी.

तीनला गाडी अंगणात आली. ते उतरले, तोंड गंभीर.

"सायबानं इंजिनाचा नंबर बघायला बोनेट उघडलं," ते म्हणाले. "वाकडी टाकी बघून म्हनाला, गाडीला अपघात झालाय, तू लपवतोस. पास नाय करनार."

मी विचारलं, "मग?"

"मग काय, खरं सांगितलं. सायेब, बायकोनं उकळली. म्हनला, का? म्हटलं, बाळाची बाटली उकळतात तशी. चाळीस मिनटं. सायेब खाली बसला हसायला. दुसऱ्या सायबाला बोलवलं. मागच्या लायनीतले ड्रायव्हर उतरून बघायला आले."

"अहो, पण पास?"

"झाली. हसता हसता वायपरचं पानी बघायचंच राहिलं."

मला आनंद झाला आणि रागही आला. एवढं बाळाच्या तोंडचं बूच काढून दिलं, आणि बघितलंच नाही? "बघायला पाहिजे होतं. अशी धार उडाली असती की साहेबांना कळलं असतं, आमच्याकडं कामं कशी होतात."

ते ओट्यावर टेकले. "आये, पानी दे गो."

सासूबाईंनी ओट्यावरच्या पातेल्यावरचं फडकं काढलं, त्यात तांब्या बुडवला आणि भरून त्यांच्या हातात दिला.

"पी निवांत," त्या म्हणाल्या. "तुझ्या गाडीचंच हाय. उकलून ठेवलंय सकालपासून."