पुरस्कार घेतानाचा फोटो

या वेळी नवऱ्याचा फोटो निघणार म्हणजे निघणारच, असं तिने सासूबाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं. "आई, तुम्ही अगदी निर्धास्त राहा!"

सासूबाईंची तक्रार रास्तच होती. मुलगा फोटोग्राफर, जगाचे फोटो काढत हिंडणारा, आणि घरात त्याचा एक धड फोटो नाही! सहलीच्या फोटोत सगळे आहेत, तो नाही. वाढदिवसाला केकसुद्धा आहे, तो नाही. आणि गुडघ्यांमुळे सासूबाईंना समारंभाला जाता येत नव्हतं, त्यामुळे त्यांची सगळी भिस्त त्या एका फोटोवर होती.

समारंभही साधासुधा नव्हता. विभागातल्या कलात्मक छायाचित्रकारांसाठीचा मानाचा पुरस्कार! तोही कशासाठी, तर राहत्या इमारतीच्या जिन्यात उतरलेल्या उन्हाच्या फोटोसाठी. त्या जिन्यावरून ती रोज भाजीच्या पिशव्या घेऊन धापा टाकत चढायची. पण सभागृहात तोच जिना भला मोठा करून लावलेला पाहिला आणि तिला भरूनच आलं. इतकं सुंदर काहीतरी आपल्या दाराबाहेर होतं, आणि दिसलं ते फक्त ह्या वेड्याला!

तिने धाकट्या भावाला, पिंट्याला, कॅमेरा देऊन पहिल्या रांगेत बसवलं होतं. "तू फक्त बटण दाब. डोकं चालवू नकोस!"

विजेत्याचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या झाल्या. प्रमुख पाहुण्या म्हणून आलेल्या वयस्कर चित्रकार बाई मानचिन्ह घेऊन पुढे झाल्या. नवऱ्याने हात पुढे केला, आणि तेवढ्यात त्याची नजर पिंट्यावर गेली.

"अरे, तिथून नको! आमच्या मागे खिडकी आहे, सगळे काळे येऊ!"

पिंट्या डावीकडे सरकला.

"आता पाहुण्यांच्या चष्म्यावर दिवा चमकतोय!"

"अहो, चमकू द्या! उभे राहा गप!" ती खुर्चीतूनच दातओठ खात म्हणाली. पण ऐकतो कोण? मानचिन्ह पाहुण्यांच्या हातात तसंच सोडून स्वारी मंचावरून खाली उतरली. पडदा ओढला. एक दिवा बंद करायला लावला. परीक्षकांना उंचीप्रमाणे उभं केलं.

"ताई, हनुवटी किंचित खाली. वा!"

आता बाई भडकणार म्हणून तिने डोळेच मिटून घेतले. उघडून बघते तर बाई हनुवटी खाली घेऊन खुदकन हसत होत्या!

"पिंट्या, कॅमेरा दे इकडे, आणि तू माझ्या जागी उभा राहा. नुसता उजेड बघतो."

पिंट्याने जाऊन मानचिन्हाला हात लावला. नवऱ्याने श्वास रोखला. खटक! फोटो असा काही आला, की हा पठ्ठ्या तो बघतच बसला. तोवर आभार मानून झाले, आणि पाहुण्या गाडीत बसून निघूनही गेल्या!

दुसऱ्या दिवशी आयोजकांनी मागून घेतलेला तोच फोटो पेपरात. खाली ठळक अक्षरांत, 'पुरस्कार स्वीकारताना विजेते छायाचित्रकार'. दुपारपर्यंत पिंट्याला अभिनंदनाचे फोन!

"मी नव्हे ते, असं सांगितलंस ना सगळ्यांना?" तिने दरडावून विचारलं.

"सांगणार होतो गं ताई. पण लोक इतक्या प्रेमाने बोलत होते!"

सासूबाईंनी पेपर डोळ्यांजवळ धरला. "फोटो काय सुरेख आलाय! पण माझा मुलगा कुठाय?"

तिने वाकून पाहिलं. बाई, परीक्षक, पिंट्या, सगळ्यांचे चेहरे कसे उजळले होते, आणि सगळे एकाच माणसाकडे बघत होते. तिला नवऱ्याचा फार अभिमान वाटला.

"सगळे ह्यांच्याकडेच बघतायत, आई."

"अगं, मलाही त्याच्याकडेच बघायचंय!"

आता मात्र तिने पदर खोचला. मोबाइल उचलला आणि चहा पीत बसलेल्या नवऱ्यावर रोखला.

"अगं, असा आडवा काय धरतेस? दे इकडे!" तो ताडकन उठून धावला.

खटक!

चेहरा नाही, खांदा नाही. फोटोभर नुसता त्याचा पंजा!

सासूबाईंनी मोबाइल हातात घेतला, चष्मा पुसला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"हा मोठा करून आण गं," त्या म्हणाल्या. "हात का होईना, आला एकदाचा!"