बबनआप्पांचं अंदमान

न्हावऱ्याच्या एसटी स्टँडवर तुम्ही दौंडच्या गाडीची वाट बघत असलात आणि शेजारी बबनआप्पा येऊन बसले, तर दौंडची गाडी कधी येईल हे ते सांगणार नाहीत. मद्रासहून अंदमानची बोट कशी धरायची ते सांगतील. तुम्ही दौंडला दाढ काढायला निघाला असलात तरी सुटका नाही.

"लिहून घ्या," ही त्यांची सुरुवात. बोटीत मधल्या भागातली जागा मागा, कडेला पोट ढवळतं. लिंबं इथूनच न्या. किनाऱ्यावरचे शिंपले उचलू नका, परतताना पिशवी तपासतात. तिकडं पाच-साडेपाचलाच अंधार पडतो, म्हणजे म्हैस असेल तर धार चारला काढायची. अंदमानला म्हैस घेऊन कोण जातंय, असं मी एकदा विचारलं. त्यावर, माहिती असलेली बरी, असं म्हणून त्यांनी मलाच वेड्यात काढलं.

आप्पांनी स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता. थोडा ऊस, थोडा कांदा आणि दोन म्हशी एवढा त्यांचा संसार. सगळी माहिती शालनच्या पत्रांतली. शालन त्यांची एकुलती एक मुलगी, माझ्या वर्गातली. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. जावई पोर्ट ब्लेअरला बांधकामावर सुपरवायझर. लग्नाला दहा वर्षं होऊन गेली तरी मूल नव्हतं. सुरुवातीला ती दिवाळीला यायची. मग ओटी भरताना बायका विचारायला लागल्या, तशी यायची थांबली. तेव्हा गावात मोबाइल आलेला नव्हता. बूथवरून फोन लागला तर लागला.

आणि आप्पा जाणार कसे? मुलीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी शाळेत विज्ञान शिकवतो. असल्या रीती ऐकल्या की माझं डोकं फिरतं, आणि ते मी आप्पांना चारचौघांत ऐकवलंही होतं. ते नुसते मान हलवायचे.

त्यांच्या माहितीत सगळ्यात लांबण लागायची ती खानावळीची. बंदरापासून चढ चढून गेलं की निळ्या पत्र्याचं घर. तिथं एक बंगाली मावशी उतरायला खोली देते आणि जेवायला बाजरीची भाकरी. यावर स्टँडवर हमखास हशा पिकायचा, पण आप्पा भाकरीवर ठाम.

एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नवरा-बायको खरोखरच अंदमानला निघालो. आप्पांनी सगळी माहिती पहिल्यापासून पुन्हा लिहून घ्यायला लावली. शालनकडं जाऊन या, असं मात्र ते म्हणाले नाहीत.

निळ्या पत्र्याचं घर सापडलं. खानावळ नव्हती. तिथली बंगाली म्हातारी भाकरीचं नाव ऐकून नुसती बघत राहिली, पण न्हावरे म्हटल्यावर लगबगीनं शेजारी गेली आणि एका बाईला हाताला धरून घेऊन आली. ती शालन होती. इतकी वाळलेली, की मी आधी ओळखलंच नाही.

खानावळ तिनंच रचली होती. आप्पा आले की त्यांना मावशीकडं उतरवायचं आणि भाकरी आपण गुपचूप करून पाठवायची, म्हणजे त्यांच्या लेखी रीतही मोडत नाही. न्हावऱ्याचं कुणी आलं की आधी मला बोलवायचं, एवढं मावशीला तिनं पढवून ठेवलं होतं. बाजरीचं पीठ मद्रासच्या बोटीनं मागवायची, कडू झालं की टाकून पुन्हा मागवायची. असं सहा वर्षं चाललं होतं. आम्हाला ताटं वाढताना ती म्हणाली, "सर, आप्पांना यातलं काय सांगू नका. खानावळ चांगली हाय, एवढंच सांगा."

परत आल्यावर आप्पा स्टँडवरच भेटले. खानावळ उत्तम आहे, मी म्हणालो, भाकरी तर अगदी घरच्यासारखी.

आप्पा हसले. "आवो, त्या बेटावर बाजरी कोन खातंय? पहिल्या पत्रातच वळकलं म्या."

मग जात का नाही, असं मी जवळजवळ ओरडलोच. जुन्या रीतींवरचं माझं भाषण तयार होतं.

आप्पांनी मला हाताला धरून शेजारी बसवलं. "रीतीचं काय घिऊन बसलाय, सर. तिच्या घरचं पानी प्यालो, तर तिला वाटंल आप्पानं नातवाची आशा सोडली. न्हाई प्यालो, तर घोटाघोटाला तिला तेच आठवंल. मग जाऊन करू काय?"

इतकी वर्षं मी या माणसाला अडाणी समजत होतो, त्याची फार लाज वाटली.

मग आप्पांनी, कधी नव्हे ते, सांगायच्या ऐवजी विचारलं. "लई वाळलीया का वो?"

"छे, तब्येत चांगली आहे," मी म्हणालो. म्हातारा आधीच खचलेला, त्याला आणखी घोर कशाला, असं वाटलं.

"मग बरं हाय," आप्पा म्हणाले. आणि ते गेले नाहीत. पुढंही कधी गेले नाहीत. मी खरं बोललो असतो, तर पाणी, रीत, नातवाची आशा सगळं बाजूला सारून ते तिथूनच दौंडच्या गाडीत चढले असते.